सुवार्ता मॅडमची चूक

बीडच्या एका नर्सिंग कॉलेजात सुवार्ता उजगरे मॅडमचा दरारा होता. एखाद्या मुलीचं नख वाढलेलं दिसलं, की तिला त्या वॉर्डच्या दारातूनच परत पाठवायच्या. रोज तासाला जाण्याआधी त्या खुर्चीत डोळे मिटून मिनिटभर प्रार्थना करायच्या. आज कुणाला झापायचं ते मॅडम ठरवतायत, असं मुली एकमेकींच्या कानात सांगायच्या.

दसऱ्याच्या आधी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन त्या चकलांब्याला गेल्या. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी गावातल्या गरोदर बायका तपासायच्या होत्या. शाळेच्या एका खोलीत दोन बाकं जोडून मुलींनी तपासणीची जागा केली. तेजश्री नावाची विद्यार्थिनी याच गावची. ती मात्र आल्यापासून मान खाली घालून वावरत होती.

दुपारपर्यंत तीस बायका झाल्या. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी मनिषा आली, आठवा महिना संपत आलेली. एका मुलीनं पोट तपासून सांगितलं, "मॅडम, डोकं खाली आहे." मॅडमनी घाईत हात लावला, मान हलवली आणि कार्डावर सही केली.

मनिषाबरोबर एक म्हातारी आली होती, बायनाबाई. चाळीस वर्षं गावात सुईणपण केलेली बाई. तिनं विचारलं, "बाई, ह्या कार्डावर काय लिवलंय?"

"बाळाचं डोकं खाली आहे, आजी. सगळं व्यवस्थित आहे."

"डोकं न्हाई ते. ढुंगण हाय."

मुली खुदकन हसल्या. तेजश्री लाल झाली. "आजी, तू गप बस ना!" ती पुटपुटली, आणि मग सगळ्यांना कळलं की ही तिची सख्खी आजी.

"गप कावून बसू? काल म्या हात फिरवलाय. डोकं वर हाय, बरगडीखाली."

मॅडमना आधी रागच आला. बावीस वर्षं त्या हाच विषय शिकवत होत्या. पण मनिषा आठ दिवसांत टोळीबरोबर कारखान्यावर निघणार होती. तिथं फडात कळा सुरू झाल्या आणि बाळ उलटं निघालं, तर? मॅडमनी पुन्हा साबणानं हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि या वेळी सावकाश तपासलं. बरगडीखाली काहीतरी गोल आणि टणक लागलं. बोटांनी हलकेच ढकललं, तर ते डुललं. डोकंच होतं ते.

खोलीत पंधरा मुली बघत होत्या. त्या क्षणी मॅडमना आपले वडील आठवले. ते शाळामास्तर होते. एकदा त्यांनी एका मुलाचं बरोबर गणित चूक दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'मी चुकलो' असं लिहिलं आणि वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. लहानग्या सुवार्ताला फार लाज वाटली होती. घरी जाताना पप्पा तिला म्हणाले होते, "रविवारी चर्चमध्ये आपण देवाला म्हणतो, आम्ही चुकलो, क्षमा कर. मग सोमवारी शाळेत ते विसरायचं, असं कसं चालेल?"

मॅडम मुलींकडे वळल्या. "मी चुकले. घाई केली. आजींचं बरोबर आहे." त्यांनी कार्डावरची नोंद खोडली, नवी केली आणि बायनाबाईला म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कसं कळलं, ते या मुलींना दाखवा."

बायनाबाईनं मनिषाला विचारून एकेका मुलीचा हात धरून तिच्या पोटावरून फिरवला. "दाबू नको, इचार. बाळाला इचार, कुठं हायस म्हणून." तेजश्रीची पाळी सगळ्यात शेवटी आली. आजीचा खरखरीत हात तिच्या हातावर होता. आता तिची मान खाली नव्हती.

मनिषाच्या नवऱ्याला, परमेश्वरला, बोलावून मॅडमनी नीट समजावलं, की हिला टोळीबरोबर नेऊ नका, बाळंतपण दवाखान्यातच करा.

तो गडबडला. "मुकादम थांबायचा न्हाई, मॅडम."

"तू जा हिच्या जागी भावाला घेऊन," बायनाबाई म्हणाली. "ही राहील माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी बीडला सोनोग्राफी झाली. बाळ खरंच पायाळू होतं. महिन्याभरानं सरकारी दवाखान्यात सिझर झालं आणि पावणेतीन किलोची मुलगी झाली. फोन आला तेव्हा मॅडम वर्गात होत्या. त्यांनी पुस्तक मिटून पेढे मागवले.

नाताळच्या सुट्टीनंतर त्यांनी बायनाबाईला मुलींना शिकवायला कॉलेजात बोलावलं. "ही माझी आजी," असं तेजश्रीनं माइकवरून ठणकावून सांगितलं. बायनाबाईनं सरावासाठी टेबलावर ठेवलेल्या रबरी बाईच्या पोटाला हात लावून लगेच काढला.

"लई गार हाय ही. जिवंत हाय का न्हाई?"

वर्ग हसून हसून लोळला. मॅडम शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. बायनाबाईची नजर तिकडं गेली.

"बाई, तुमी कावून मागं बसल्या? फुडं या. तुमचाच हात चुकलता की!"

सुवार्ता मॅडम हसत उठल्या आणि वही घेऊन पहिल्या बाकावर, मुलींच्या मध्ये जाऊन बसल्या.