सात पोकळ आणि मी

मी एक स्पीकर बोलतोय. घाबरू नका, हळूच बोलतोय. एके काळी माझ्यासमोर उभं राहून तुम्हाला शेजाऱ्याची हाकही ऐकू आली नसती, पण ते दिवस गेले. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर बोल लावू नका. माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. आता जे सांगणार आहे ते सगळं या स्वभावामुळेच घडलं.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुतार कपाटं करायचा आणि त्याचा मुलगा गिटार वाजवायचा. मुलगा ताडमाड उंच, म्हणून मित्र त्याला लांब्या म्हणत. लांब्याला आणि त्याच्या तीन मित्रांना हेवी मेटल वाजवायचं होतं, म्हणजे इतकं जोरात आणि इतकं जड की ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलल्या पाहिजेत. त्यासाठी मोठा स्पीकर हवा होता.

"कपाटाचं दार जरा कुरकुरलं तर गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करतं," सुतार म्हणाला, "आणि तू मला गर्जना करणारं कपाट करायला सांगतोस!"

बोलला तसं, पण केलं मात्र मन लावून. जाड प्लायवूड, चार-चार बोटांवर स्क्रू, आणि उचलायला सोपं जावं म्हणून वरच्या फळीत आरपार कापलेली हातभर लांब खाच. आत चार स्पीकर बसवले, वर दोन, खाली दोन. मी चार तोंडांचा झालो. पोटात कापूस भरला, पाठीची फळी लावली, आणि कारखान्याच्या वरच्या खोलीत मला नेऊन उभा केला.

तिथे माझा पहिला शत्रू आधीच बसला होता. ड्रम. त्याला ना तार लागे, ना वीज. ठोक्या नावाचा धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडायचा आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला टांगलेल्या गाद्यासुद्धा दणाणायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग लांब्या माझा आवाज वाढवायचा. ते ऐकून ठोक्या आणखी जोरात बडवायचा. बेस गिटारवाला वाढवायचा, गाणारा घसा फोडायचा. पहिली दोन वर्षं त्या खोलीत गाणं कमी आणि भांडणच जास्त वाजत होतं. आवाजाचं बटण जरा पुढे सरकलं की मला गुदगुल्या व्हायच्या.

एक दिवस ठोक्याची काठी मोडली आणि तिचा तुकडा सुसाट येऊन माझ्या वरच्या डाव्या तोंडात घुसला. स्पीकरचं तोंड कागदाचं असतं हे कुणाला खरं वाटत नाही. बोटभर फाटलं. लांब्या डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात त्याची कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण वर आली.

"दादा, तोंड काय पाडतोस? थांब." तिने पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली, फाटलेल्या जागी टिश्यू पेपरचं ठिगळ लावलं, आणि त्यावर तीन हात दिले. फुंकर घालून वाळवलंसुद्धा.

लांब्याने तार छेडली, आणि त्या तोंडातून एक खरखर निघाली. घसा बसलेला माणूस रागावून बोलतो ना, तशी.

"बिघडला का रे?" धाकटीने विचारलं.

"बिघडला? अगं, सुधारला!" लांब्या म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत एकच सूर वाजवत बसला.

तीच खरखर पुढे या बँडची ओळख झाली. लोक डोळे मिटून सांगायचे, हा लांब्याचा आवाज. माझा म्हणत नसत, याचंही मला वाईट वाटायचंच.

छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम सुरू झाले तेव्हा लांब्याची तक्रार असायची, "या ठोक्यापुढे मला मीच ऐकू येत नाही." मग सुताराने मला एक उंच लाकडी घोडा करून दिला. त्यावर चढवल्यावर माझं लाल ठिगळाचं तोंड बरोबर लांब्याच्या डाव्या कानाशी आलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. ड्रम राहिला खाली आणि मी धन्याच्या कानाशी! रोज रात्री दोन तास मी त्या कानात जीव तोडून ओरडायचो.

धाकटी दरम्यान ध्वनीचं रीतसर शिक्षण घेऊन आली आणि बँडची साउंडवाली झाली. हॉलच्या मागे साउंड मिक्सरपुढे बसून ती ठरवायची, लोकांपर्यंत कोण किती पोचणार. पहिल्याच दिवशी तिने चौघांना समोर बसवलं.

"तुम्ही स्टेजवर जितके बोंबलता ना, तितका मला बाहेर चिखल ऐकू येतो. आपापला आवाज निम्म्यावर आणा. मी आहे ना लोकांना ऐकवायला."

चौघांनी माना डोलावल्या आणि कार्यक्रमात नेहमीसारखंच केलं. मग तिने भावापुरता उपाय काढला. त्याच्यासाठी फोमचे बोळे आणले, कानात घालायचे, करंगळीच्या पेराएवढे. "दादा, कान एकदाच मिळतात," ती म्हणाली.

लांब्या पहिल्या गाण्याला ते घालायचा. दुसऱ्या गाण्याला उपटून काढायचा आणि माझ्या डोक्यावर ठेवायचा. "हे घातलं की हा माझ्याशी बोलतच नाही असं वाटतं," म्हणायचा. हे ऐकून मी फुशारून जायचो, पण ते बोळे डोळ्यात खुपायचेच. माझ्या आणि त्याच्या मध्ये येणारे हे कोण टिकोजी? मग मी जरा जास्त थरथरायचो. बोळे इंच इंच सरकत वरच्या खाचेपर्यंत यायचे आणि टुपकन माझ्या पोटात पडायचे. गाण्यांमधल्या वेळात लांब्याचा हात त्यांना शोधायला यायचा. डोकं रिकामं असायचं. "गेले वाटतं कुठेतरी," म्हणून तो पुढचं गाणं सुरू करायचा.

धाकटी दर वेळी नवे आणायची आणि मी दर वेळी गिळायचो. मला त्यात गंमत वाटायची.

बँडचं नाव झालं, मैदानं आली. आता माझ्या ठिगळाच्या तोंडासमोर एक मायक्रोफोन उभा असायचा. तो माझा आवाज धाकटीकडे न्यायचा, आणि मैदानाच्या दोन बाजूंना टांगलेले प्रचंड स्पीकर तो लोकांना ऐकवायचे. त्यांच्यावर जळून झालं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. एवढ्या मोठ्या स्टेजवर मी एकटा बापुडवाणा दिसतो म्हणून सुताराने हुबेहूब माझ्यासारखे सात खोके करून दिले. पातळ प्लाय, पुढे जाळीचं कापड, आत काहीच नाही. बडा घर पोकळ वासा! आम्हा आठांची भिंत उभी राहायची. लोकांना वाटायचं, आठही गर्जतायत. गर्जायचो मी एकटा, आणि दिव्यांचा झोत पडायचा मधल्या पोकळांवर. मी मनात खदाखदा हसायचो आणि तितकाच जळायचोही.

मग एका सकाळी धाकटीने मला एकटीने एका बंद खोलीत नेलं. दोन दिवस. समोर मायक्रोफोन, शेजारी लॅपटॉप. तिने माझ्यातून अगदी खालच्या सुरापासून अगदी वरच्या सुरापर्यंत एक लांब शिट्टी काढली, पुन्हा काढली, मायक्रोफोन नखभर सरकवून परत काढली. इतकं लाडानं मला कुणी ऐकलं नव्हतं. ठिगळाची खरखर आली की ती हसायची. मी काही हातचं राखलं नाही. होतं नव्हतं ते सगळं तिला दिलं.

पुढच्या कार्यक्रमाला लांब्याच्या पायाशी डब्याएवढी एक पेटी होती. गिटारची तार तिच्यात गेली, तिच्यातून थेट मिक्सरला. माझ्याकडे तार आलीच नाही. चौघांच्या कानांत इवलीशी यंत्रं होती, त्यांना जेवढं हवं तेवढंच ऐकवणारी. स्टेज शांत. आणि मैदानातल्या टांगलेल्या स्पीकरमधून माझा आवाज आला. माझा, खरखरीसकट. त्या दोन दिवसांत घेतलेलं सगळं तिने त्या पेटीत भरून ठेवलं होतं.

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. त्या दिवसापासून मी आठवा पोकळ झालो. कानामागून आली आणि तिखट झाली, ती पेटी! तिच्यावर जळायचं तर ती माझ्याच आवाजात गात होती. स्वतःच्याच आवाजावर जळणारा दुसरा कुणी तुम्ही पाहिलाय का?

ती बंद पडावी म्हणून मी सहा वर्षं नवस केले. एकदा पडलीसुद्धा, ऐन गाण्यात. लांब्याची गिटार मुकी झाली, ठोक्या एकटाच ताल धरून राहिला. मी श्वास रोखला. आता तार माझ्याकडे येणार! धाकटी धावत स्टेजवर आली, पिशवीत हात घातला आणि तश्शीच दुसरी पेटी काढून लावली. मिनिटसुद्धा लागलं नाही. माझा आवाज तिच्या पिशवीत जादा प्रतीसह पडून होता.

एकच सुख उरलं होतं. लांब्या कुरकुरायचा. "या पेटीत ती खरखर नाही. दर वर्षी कमीच होत चाललीय. खोक्यात होती तशी नाही." धाकटी विषय बदलायची. मी मात्र त्या कुरकुरीवर जगत होतो. धनी माझाच होता. त्याला नक्कल पटत नव्हती.

गेल्या वर्षी एका दुपारी मैदान रिकामं होतं आणि वाद्यांची चाचणी चालली होती. लांब्याने गिटार खाली ठेवली. "आज शेवटच्या गाण्याला खोका लाव."

"दादा, नको."

"का नको? एवढी वर्षं मुकाट्यानं तुझं ऐकलं ना? आज एकदा खराखुरा आवाज होऊ दे."

धाकटी त्याच्याजवळ आली. "तुला नक्की ऐकायचंय?"

"नक्की."

तिने तार आणून मला लावली. सहा वर्षांनी अंगात वीज आली. लांब्याने कानातलं यंत्र काढलं, जुन्या सवयीने डावा कान माझ्याकडे केला आणि तार छेडली. मी सगळी ताकद त्या ठिगळात लोटली. अशी खरखर मी आयुष्यात काढली नव्हती. दूर उभ्या असलेल्या ठोक्याने चमकून वळून पाहिलं.

लांब्या म्हणाला, "यातही नाही."

त्याने पुन्हा वाजवलं. "ठिगळ सुटलंय बहुतेक. बघ गं."

धाकटीने माझ्या पाठीचे स्क्रू काढले आणि टॉर्च मारला. ठिगळ जागच्या जागी होतं, लालभडक. तिने आत हात घातला आणि ठिगळावर बोट टेकवलं. माझी खरखर थांबली.

"आता?" तिने विचारलं.

"तसंच," पुढून तार छेडत लांब्या म्हणाला.

तिने बोट काढलं. मी जिवाच्या आकांताने खरखरलो. "आणि आता?"

"तसंच आहे की. का? काय करतेयस?"

ठोक्या हळूच म्हणाला, "लांब्या, ती खरखर मला इथवर ऐकू येतेय रे."

लांब्याचा हात तारांवरच थांबला. मग तो वळून माझ्या पाठीशी आला आणि बहिणीजवळ खाली बसला. तिचा हात अजून माझ्या पोटात होता. तो बाहेर काढताना कापूस ओढला गेला आणि त्याबरोबर माझ्या पोटातले बोळे घरंगळत बाहेर आले. पिवळे, नारिंगी, काही धुळीने काळे पडलेले. पाठ उघडी टाकून मी त्या दोघांसमोर उभा होतो. तोंडं चार, पण एकातूनही शब्द फुटेना.

"मला वाटायचं, हे मीच हरवतो," लांब्या म्हणाला. तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. धाकटी एक एक बोळा उचलून तळहातावर ठेवत राहिली.

कानाचे डॉक्टर म्हणाले, डाव्या कानातून वरच्या पट्टीतले आवाज गेले ते गेलेच, उजव्यातूनही बहुतेक, पण उरलेलं सांभाळता येईल. पेटीतली खरखर कधीच कमी झाली नव्हती. जगात ती सगळ्यांना ऐकू येते, एका लांब्याला सोडून. आता शेवटच्या गाण्याआधी तो लांब मिक्सरकडे बघतो. खरखर नीट असली की धाकटी हात वर करते, आणि त्या हातावर विश्वास ठेवून तो वाजवतो.

मी अजून भिंतीत उभा असतो, आठवा, तारेवाचून. माझी काही तक्रार नाही. एक मागणं आहे. मोठ्या आवाजापुढे उभे राहाल तेव्हा कान झाका, आणि बोळे काढलेतच तर खिशात ठेवा. माझ्यासारख्याच्या डोक्यावर ठेवू नका. आम्ही प्रेम करतो, पण आमची नियत चांगली नसते.

आणि स्वभावाचं म्हणाल तर तो काही बदलला नाही. ड्रमवर, मायक्रोफोनवर, पेटीवर जळून झालं, ते सगळं आता विझलं. आता मी जळतो शेजारच्या सात पोकळांवर. ते आयुष्यभर लांब्याच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी त्याचं काहीही बिघडवलं नाही.