हात वर केला की थांबायचं

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. नवशिक्यांच्या शेजारी बसून उभी हयात गेली, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. त्यात डॉक्टर म्हणजे सख्खी मुलगी! किडलेली दाढ त्यांनी घरात कळू दिली नव्हती. शेवटी जेवताना दाढेचा तुकडाच हातात आला आणि बायकोने त्यांना दवाखान्यात आणून बसवलं.

बसवलं म्हणायचं इतकंच. ते खिडकीशी जात, पाणी पीत, पुन्हा खिडकीशी. गाडी नीट लावलेली नाही असं सांगून दोनदा खाली जाऊन आले.

मुलीने फोटो काढून समजावलं, की कीड खोल आहे, पण नसेपर्यंत पोचलेली नाही. ती कोरून काढायची, सिमेंट भरायचं, आणि दाढ निम्मीच उरलीय म्हणून वर कॅप बसवायची. भूल दिली. तरी यंत्र सुरू होताच मास्तरांचा उजवा पाय ब्रेक शोधायला लागला.

तिने यंत्र थांबवलं. “बाबा, मला गाडी शिकवताना तुम्ही म्हणायचात, भीती वाटली तर हात वर कर. आणि माझा हात वर व्हायच्या आतच ब्रेक मारायचात. मी तसं करणार नाही. तुम्ही हात वर केलात, तरच थांबेन.”

मास्तरांनी लगेच हात वर केला. ती थांबली. पुन्हा केला, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबल्यावर ती हातमोजे काढून बाहेर गेली, घटाघटा पाणी प्यायली आणि खिडकीशी उभी राहिली. उघड्या दारातून मास्तर बघत होते. हिलाही धास्ती वाटत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती परत आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

दाढ भरून झाली. पक्की कॅप येईपर्यंत वर तात्पुरती होती. जीभ सारखी तिथेच जायची, शिकवताना सूचना अर्ध्यावर राहायच्या. पुढच्या आठवड्यात कॅप बसली, तर ती उंच लागली. कुठे टेकते ते कळायला मुलीने निळा कागद चावायला दिला, कॅप जरा घासली, पुन्हा चावायला दिला.

“आता?”

मास्तरांनी दात आवळून पाहिले. कॅप गुमान जागेवर बसली होती. तरी ते खुर्चीतून उठेनात.

“उजवीकडचीही एक बघ,” ते म्हणाले. “बरेच दिवस गार पाणी झोंबतंय.”