रिअ‍ॅक्शनचं स्टूल

आमच्या डान्स स्टुडिओवर मालिका निघाली तेव्हा सगळ्यांत आधी नाचायला लागली ती आई. दोन्ही मुली टीव्हीवर म्हटल्यावर तिचे पाय जमिनीवर ठरेनात. मी थोरली, तिथे शिकवते. धाकटी माझ्याच हाताखाली तयार झाली. पहिला भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी माझं नाव झालं ‘जळकी ताई’.

त्याचं असं आहे. या मालिकेत सगळं खरं असतं, फक्त चेहरे वेगळे काढतात. शूटिंग संपलं की एकेकाला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतात. समोर भिंतीवर चिकटपट्टीची फुली. तिच्याकडे बघून हसायचं, दचकायचं, रडायचं. त्याला म्हणतात रिअ‍ॅक्शन. मग तो चेहरा कुठेही जोडता यावा म्हणून आम्हाला रोज तेच काळे टी-शर्ट. त्या दिवशी एसीचं पाणी माझ्या नव्या बुटांवर ठिबकत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. पडद्यावर काय दिसलं, तर धाकटी गिरक्या घेतेय आणि मी तिला डोळ्यांनी खातेय!

घरी मी थयथयाट केला. “अगं आई, मी पाण्याकडे बघत होते!” पण खरा राग वेगळाच होता. त्या लोकांनी नेमकं ओळखलं कसं? धाकटीची गिरकी बघून माझ्या पोटात दुखतंच. मला जे घाम गाळून मिळालं, ते तिला सहज येतं. वर विचारते, “बरोबर झालं का गं ताई?” बरोबरच झालेलं असतं मेलं.

शेवटच्या भागात एकीलाच एकटीने नाचायला मिळणार होतं. ते मला हवं होतं. टीव्हीचं सोडा, त्या दिवशी आई पहिल्या रांगेत बसणार होती. माझा नाच बघून तिने आजवर एवढंच म्हटलंय, “छान. जेवलीस का?”

स्टुडिओच्या मॅडमनी धाकटीला निवडलं. मी टाळ्या वाजवल्या, तिला मिठी मारली, कॅमेऱ्याला काही म्हणता काही दिलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत तिने माझा हात धरला.

“ताई, आज स्टुलावर हसशील? मनापासून? लोक मला विचारतात, तुझी बहीण तुझा दुस्वास करते का म्हणून. मी काय सांगू?”

तिचे डोळे भरले होते.

“हसेन गं, वेडाबाई.”

दिग्दर्शकाला आम्ही त्याच्या पाठीमागे टोपी म्हणतो, कारण डोक्यावरची टोपी तो घरातही काढत नसावा. मी स्टुलावर बसले तसा तो म्हणाला, “ताई, जरा जळा बघू.”

मी हसले.

“निदान तोंड तरी मिटा!”

मी हसतच राहिले. माझ्या जुन्या बुटांत कापूस कोंबून घरभर टपटप फिरणारी धाकटी मला आठवत होती. गाल दुखायला लागले, पण हसू खरं होतं. लाइटवाला जांभया द्यायला लागला. टोपीने कपाळाला हात लावला.

दार नुसतंच लोटलेलं होतं. बाहेर आम्हाला न्यायला आलेल्या आईचा आवाज आला. “आली गं माझी पोर! मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आपल्या घरात नाच आहे तो तुझ्याच पायांत.” आणि ती रडायला लागली. आई आनंदाने रडते हे मला माहीतच नव्हतं.

मी फुलीकडेच बघत होते. मी काहीसुद्धा केलं नाही.

“मिळालं!” टोपी ओरडला. “ताई, तोडलंत! आता रिटेक नको.” दिवे विझले.

बाहेर आले तर धाकटी वाटच बघत होती. “हसलीस?”

“खूप वेळ,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि आईकडे वळून म्हणाली, “आई, रविवारी सगळ्यांना घरी बोलावू या बघायला. मावशीला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना. ताई माझ्यासाठी हसलीये.”