सातव्या गणिताचं उत्तर

शाळेतून फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा पीत होते. भाचीच्या वर्गाच्या बाई बोलत होत्या. तिने गणिताच्या चाचणीत कॉपी केली आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी बारा वाजता पाठवायची आहे, त्यात तिचं नाव ठेवायचं की काढायचं हे त्याआधी ठरवायला हवं, तर घरातलं कुणीतरी मोठं माणूस यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉपी केली हे कशावरून, असं मी विचारलं. त्यावर म्हणाल्या, ते आल्यावर सांगते. असलं अर्धवट बोलणं मला मुळीच सोसत नाही. चहा तसाच ठेवून मी चपला पायात सरकवल्या.

भाऊ आणि वहिनी दोघंही सकाळी सातला कामावर जातात, त्यामुळे पोरीची शाळा, डबा आणि अभ्यास माझ्याकडे. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. दहा वर्षांची झाली, पण अजून एका जागी बसून जेवत नाही. गणितं मात्र बसून करते, तासन् तास, आणि ते माझ्यामुळे असं मी चारचौघांत सांगत असते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी ती सहा महिने वाट बघत होती. परीक्षेच्या तारखेभोवती तिने भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लाल पेनने इतक्या वेळा गोल काढला होता की तिथला कागद फाटला होता.

आणि या पोरीने कॉपी केली? शाळेपर्यंतचा पंधरा मिनिटांचा रस्ता मी दहा मिनिटांत तुडवला, म्हणजे वेग नेहमीच्या दीडपट. राग आला की माझी अशी गणितं आपोआप होतात. मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. नंतर वेग आणि गुणोत्तर यांच्या शाब्दिक उदाहरणांचं एक सरावपुस्तक लिहिलं आणि उत्तरांची वेगळी पुस्तिका केली, ती फक्त शिक्षकांसाठी. भिंगरीच्या शाळेत आठ वर्षं तेच पुस्तक चालतंय. पुस्तिकेत एकही उत्तर चुकलेलं नाही हे मी छापखान्यातल्या माणसापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं आहे. एकदा एका उत्तरातलं शून्य छापायचं राहिलं, तर त्या छापखानेवाल्याची मी अशी काही हजेरी घेतली होती की तो अजून मला बघून रस्ता बदलतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीत ते स्वतः टेबलामागे होते, बाई टेबलाच्या एका बाजूला बसल्या होत्या आणि भिंगरी खिडकीजवळच्या स्टुलावर. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला खुर्ची दिली, पण मी उभीच राहिले. घड्याळात अकरा वीस झाले होते.

बाईंनी तिची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. दहा गणितं माझ्याच पुस्तकातली, दहाही उत्तरं बरोबर. पण बाईंचं बोट सातव्या गणितावर होतं. एक ट्रक एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जातो आणि त्याच रस्त्याने ताशी साठने परत येतो, तर त्याचा सरासरी वेग किती? भिंगरीने लिहिलं होतं: वेगांचं गुणोत्तर २:३, म्हणून वेळेचं ३:२. रस्ता १२० धरू. जायला ३ तास, यायला २ तास. २४० भागिले ५, बरोबर ४८. आणि खाली उत्तराच्या चौकटीत ५०.

बाईंचा मुद्दा सरळ होता. पोरीच्या पायऱ्यांतून अठ्ठेचाळीस येतात आणि चौकटीत पन्नास आहेत, मग ते पन्नास आले कुठून? उत्तरपुस्तिकेतून. ती पुस्तिका कुणाच्या घरी आहे हे साऱ्या शाळेला माहीत आहे. एक उत्तर तिथून आलं तर बाकीची नऊही तिथूनच आली नसतील कशावरून? शिवाय गणितात रस्ता किती लांब हे दिलेलंच नाही, तर हे एकशेवीस हिने कुठून पैदा केले? नुसती जागा भरायला काहीतरी खरडलंय, असं त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला बाईंचं पटलं. चाळीस आणि साठ, बेरीज शंभर, निम्मे पन्नास, शेंबडं पोरही सांगेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुस्तिका उघडली होतीस का, असं मी भिंगरीला सगळ्यांसमोर विचारलं. ती खाली बघून हो म्हणाली. बाईंनी पेनचं टोपण लावलं. मुख्याध्यापकांनी यादीचा कागद स्वतःकडे ओढला आणि तिचं नाव कितव्या ओळीत आहे ते बघू लागले.

मी पुन्हा तो पेपर पुढे घेतला. मला एक जुनी खोड आहे, चुकीचं गणित दिसलं की चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. मी वरून सुरुवात केली. एकशेवीस भागिले चाळीस, तीन. बरोबर. एकशेवीस भागिले साठ, दोन. बरोबर. जाऊन येऊन दोनशे चाळीस किलोमीटर, पाच तास. अठ्ठेचाळीस. पुन्हा वरून आले. चूक नाही. एकशेवीस धरणंच चुकलं असेल म्हणून मी मनात रस्ता साठचा केला: दीड तास आणि एक तास, अडीच तासांत एकशेवीस, अठ्ठेचाळीस. सहाशेचा केला. पंधरा आणि दहा, पंचवीस तासांत बाराशे. अठ्ठेचाळीस.

रस्ता कितीही धरा, ट्रक जास्त वेळ हळू चालत होता. एवढंच. पोरीने गुणोत्तर काढून सोपा आकडा धरला होता, चाळीस आणि साठने भागताना अपूर्णांक येऊ नयेत म्हणून. आणि मी दोन वेगांची बेरीज करून निम्मे केले होते. मी, जी मुलांना सांगायची की असं करणारा माणूस गणित न वाचता सोडवतो.

मी खुर्चीत बसले. अकरा पस्तीस झाले होते आणि मुख्याध्यापक पेन शोधत होते. मनात काय आलं ते लपवत नाही: गप्प बसावं. पोर लहान आहे, या वेळी सोडून द्या, असं काहीतरी गुळमुळीत बोलून नाव वाचतंय का बघावं. माझं नाव त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं आणि बाजूच्याच कपाटात त्याच्या चाळीस प्रती होत्या. मग मी भिंगरीकडे बघितलं. ती अंगठ्याचं नख दुसऱ्या नखाने कुरतडत होती.

"अठ्ठेचाळीस आले होते ना तुझे?" मी विचारलं. "मग पन्नास का लिहिलंस?"

"घरी पण अठ्ठेचाळीसच आले होते," ती म्हणाली. "चारदा केलं. मग पुस्तिकेत बघितलं तर पन्नास. मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकतंय. तुझं तर चुकत नाही ना."

"मला विचारायचं नाहीस का?"

"उत्तर जुळलं नाही की तू ओरडतेस."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, पेन ठेवा. पुस्तिकेतलं उत्तर चूक आहे. ते मी लिहिलंय, आठ वर्षांपूर्वी, आणि पोरीच्या पायऱ्या बरोबर आहेत. कॉपी करणारं मूल अठ्ठेचाळीसपर्यंत कशाला जाईल?

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी पोरीला वाचवायला काहीही बोलतेय असं त्यांना वाटलं असावं. मग एका पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतः गणित केलं. बेरीज करून निम्मे केले आणि पन्नास लिहिले. मग भिंगरीच्या पायऱ्यांनी केलं. मग रस्ता साडेतीनशेचा धरून केलं, भागाकारात अडकले, पाकीट उलटं केलं. शेवटी पाकीट बाईंकडे सरकवून ते म्हणाले, बाकीच्या नऊ गणितांच्या पायऱ्या बघा. बाईंनी एकेक पान बघितलं. पायऱ्या होत्या, सगळ्या होत्या, आणि प्रत्येक उत्तर त्यांतूनच येत होतं. नाव यादीत राहिलं. मुख्याध्यापकांनी कागद घडी करून शिपायाच्या हातात दिला.

बाई मात्र त्या पाकिटाकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं आता मला चार शब्द ऐकवतील, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते. पण त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"गेल्या वर्षी एका मुलीने अठ्ठेचाळीस लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "वाद घालत होती. मी तिला तासभर वर्गात उभं केलं."

चूक माझी, म्हटलं, तुमची नाही. पण त्या मुलीला उभं केलं होतं ते माझ्या उत्तरासाठी, आणि अशी आणखी किती पोरं असतील, आठ वर्षांत, किती शाळांत, हे मला मोजता येत नव्हतं. ती मुलगी आता कुठल्या वर्गात आहे, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, वरच्याच. मधल्या सुट्टीत दोघींनी मिळून जायचं ठरलं.

बाईंनी खोडरबर भिंगरीपुढे ठेवून उत्तर दुरुस्त करायला सांगितलं. तिने पन्नास खोडले, फुंकर मारून कण उडवले आणि अठ्ठेचाळीस लिहिले. पण पेन्सिल खाली ठेवली नाही. स्टुलाच्या दांडीवर तिचे पाय हलत होते. एकदा तिने बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आत्या," ती म्हणाली, "रागावणार नसलीस तर सांगते."

"सांग."

"अजून तीन आहेत."

मुख्याध्यापकांनी उठून कपाटातली पुस्तिका काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी ती उघडली नाही. भिंगरीकडे सरकवली, आणि माझी खुर्ची तिच्या स्टुलाजवळ ओढून घेतली.