ज्या किल्लीने मी उघडत असे

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. चाकणच्या पट्ट्यात, महाळुंग्याच्या अलीकडे, गाड्यांच्या ब्रेकचे पाईप बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर, स्टोअरला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत मी राहतो. मला बघायला कुणी येत नाही. पुढे हिरवे दिवे आणि मागे पंखे, एवढंच माझं रूप. तुम्ही चुकून आत आलात तर लोखंडी कपाट समजून माझ्यावर दप्तर ठेवाल.

कंपनीतल्या माणसांना येणारी आणि त्यांच्याकडून जाणारी सगळी पत्रं माझ्यातून जातात. ऑर्डर, नकाशे, सुट्टीचे अर्ज, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं मी घेतो, सांभाळतो आणि ज्याचं त्याला देतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती अनंतरावांपासून. त्यांनीच मला खोक्यातून बाहेर काढलं. अनंतराव मूळचे उदगीरचे. तरुणपणी ते पिंपरीत आले, कॅम्पातल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकले आणि मग या कंपनीत लागले. चिखलीत त्यांचं घर. घरी पत्नी वासंतीबाई आणि बारावीत शिकणारी दिव्या.

मी आलो त्या वर्षी शेजारच्या कंपनीतून चोरांनी माझ्यासारखं एक मशीन उचलून नेलं होतं, आत सगळे नकाशे. म्हणून अनंतरावांनी माझ्या डिस्क कुलपात टाकल्या. तेव्हापासून माझ्यात जे काही लिहिलं जातं ते कुलूप लावूनच लिहिलं जातं. कुणी माझी डिस्क काढून नेली तरी त्याला नुसती निरर्थक अक्षरं दिसतील. मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो की माझ्यासमोर बसून परवलीचं एक वाक्य टाइप करावं लागतं, मगच मी उघडतो. ते वाक्य म्हणजे माझी किल्ली. एका कुलपाला वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या किल्ल्या असू शकतात, पण एक सहकारी सोडून गेल्यावर बरीच वर्षं माझी किल्ली एकट्या अनंतरावांकडेच होती.

ते दिवस चांगले होते. गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते. यंत्रं थांबलेली, कॅन्टीन बंद, आणि अनंतराव मात्र मऊ ब्रश घेऊन माझ्या पंख्यांतली धूळ काढत बसलेले. जुने मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापर्यंत घेऊन येत आणि सांगत की आमची मेल कधी बंद पडत नाही. अनंतराव तेव्हा माझ्या मागे वायरी सारख्या करत उभे राहायचे. कौतुक ऐकलं की त्यांना कुठे बघावं ते कळत नसे.

मग कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली. कारभार बघायला योगिनी मॅडम आल्या. त्या हुशार होत्या, वेळेवर यायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्याच सुमारास माझं पोट भरत आलं. लोक एकमेकांना मोठमोठे फोटो आणि व्हिडिओ पाठवू लागले होते, जुनं काही कुणी काढत नव्हतं. जागा संपली की नवी पत्रं माझ्या दारातूनच परत गेली असती. अनंतरावांनी मोठ्या डिस्क मागितल्या. मॅडमनी त्या लगेच मंजूर केल्या आणि मदतीला वरद नावाचा नवा इंजिनिअरही दिला. वरद सांगवीचा. शिकलेला, नम्र, चटकन समजणारा. अनंतराव खूष होते. इतक्या वर्षांनी कंपनीनं आपल्याला सोबती दिला, असं त्यांनी फोनवर वासंतीबाईंना सांगितलेलं मी ऐकलं.

त्याच दुपारी माझ्यातून एक पत्र गेलं. योगिनी मॅडमनी ते वरच्या ऑफिसला लिहिलं होतं आणि एक प्रत वरदला होती. जागा वाढवण्याचं काम पूर्ण होईपर्यंत अनंत यांना काही कळू देऊ नये, काम झालं की त्याच दिवशी त्यांना मोकळं करू, तोवर वरद सगळं शिकून घेईल, असं त्यात होतं. मी ते पत्र घेतलं, कुलपात ठेवलं आणि पोहोचवलं. मला तोंड नाही, मित्रांनो.

हळूहळू ते सगळ्या मजल्याला कळलं. अकाउंट्सला कळलं, स्टोअरला कळलं. लोक अनंतरावांशी फार गोड बोलू लागले. कुणी त्यांना स्वतःच्या डब्यातली भाजी वाढायचं, कुणी दिव्याच्या अभ्यासाची चौकशी करायचं. सांगितलं मात्र एकानेही नाही. अनंतरावांना वाटलं, मॅडम आल्यापासून माणसं बदलली.

कामासाठी त्यांनी गुरुवार निवडला. सुट्टीच्या दिवशी मेल कमी असते, पण परदेशातल्या गिऱ्हाइकांना आपला गुरुवार माहीत नसतो, म्हणून मला पूर्ण बंद ठेवणं शक्य नव्हतं. अनंतरावांनी वरदला समोर बसवून समजावलं. माझ्यात दोन डिस्क होत्या आणि एक दुसरीची हुबेहूब नक्कल होती. आधी एक जुनी काढायची, तिच्या जागी मोठी घालायची आणि उरलेल्या जुन्या डिस्कवरून तिच्यावर सगळं उतरू द्यायचं. मग दुसरीचं तसंच करायचं. दोन्ही मोठ्या झाल्या की कुलूप नव्या जागेपर्यंत ताणायचं आणि शेवटी पत्रं साठवायची आतली कोठी वाढवायची. हे सगळं होताना मेल चालूच राहते. अगदी शेवटी एकदाच मला बंद करून चालू करायचं, नव्या डिस्कवरून नीट उठतो की नाही ते बघायला.

वरद विचारत गेला आणि लिहून घेत गेला. अनंतरावांनी काही लपवलं नाही. किल्ल्यांचंही सांगितलं. वरदसाठी त्यांनी एक नवी किल्ली तयार केली आणि ते म्हणाले की माणूस कंपनी सोडून गेला तर त्याची किल्ली त्याच दिवशी काढायची. रणजीत इथेच काम करायचा, त्यांचा जवळचा मित्र. तो भोसरीच्या कंपनीत गेला त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः त्याची किल्ली काढली होती. त्यात राग नव्हता, ती शिस्त होती. वरदने मान हलवली.

पहिली जुनी डिस्क निघाली. आता सगळी पत्रं एकट्या दुसरीवर होती. ती माझ्याइतकीच म्हातारी. सगळं एकदम वाचावं लागल्यावर ती तापली आणि अडखळू लागली. माझ्या पुढचा एक दिवा पिवळा झाला. ती त्या वेळी गेली असती तर सगळ्या कंपनीची पत्रं गेली असती. अनंतरावांनी नक्कल करण्याचा वेग कमी केला, स्टोअरमधला टेबलफॅन आणून माझ्यासमोर लावला आणि खुर्ची ओढून बसले. डबाही त्यांनी तिथेच उघडला आणि अर्धा वरदपुढे सरकवला.

तेवढ्यात रणजीतचा फोन आला. अनंतरावांनी हात तेलकट होता म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. त्यामुळे मी ऐकलं आणि वरदनेही ऐकलं. रणजीतच्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला अनुभवी माणूस हवा होता. साहेब आज संध्याकाळपर्यंतच भोसरीत होते. रणजीतने अनंतरावांचं नाव घातलं होतं. तासाभरात येऊन नुसतं भेटून जा, एवढंच तो म्हणत होता.

अनंतराव पिवळ्या दिव्याकडे बघत म्हणाले, "आज कसं जमेल, रणजीत? याचं काम अर्ध्यावर हाय. मी इथंच बसायलोय. दुसरं कुणी बघ."

रणजीतने पुन्हा आग्रह केला. या वयात अशी जागा पुन्हा मिळणार नाही, असंही तो म्हणाला.

"इथं आता नव्या डिस्क आल्यात, हाताखाली चांगला पोरगा दिलाय मॅडमनी," अनंतराव म्हणाले. "मला काय कमी हाय इथं?"

फोन बंद झाला. वरदच्या हातात पोळीचा तुकडा तसाच होता. तो म्हणाला, "सर, एकदा भेटून तर यायचं होतं. मी बसलो असतो इथे."

अनंतराव हसले. "तू घाबरू नको. तुला एकट्याला याच्यापाशी टाकून मी नाही जाणार."

वरदने डबा बंद करून दिला आणि हात धुवायला निघून गेला. मला वाटलं, परत येऊन तो सांगेल. भोसरी दूर नव्हती, वेळही होता. तो परत आला आणि त्याने विचारलं की कुलूप ताणताना किल्ली पुन्हा मागतं का. अनंतरावांनी सगळं समजावून सांगितलं.

म्हाताऱ्या डिस्कने शेवटपर्यंत तग धरला. दिवेलागणीला पहिली नक्कल पूर्ण झाली. शुक्रवारी सकाळी दुसरीही झाली. कुलूप ताणलं, कोठी वाढली आणि माझ्यात एवढी जागा झाली की मला स्वतःलाच रिकामं रिकामं वाटू लागलं. जेवणाच्या सुट्टीत मला बंद करून चालू केलं. किल्ली वरदने टाकावी असं अनंतरावांनीच सुचवलं, म्हणजे त्याची किल्लीही तपासून होईल. वरदने टाइप केलं. मी उघडलो. लोक जेवून जागेवर येण्याआधी मेल सुरू झाली होती. अनंतरावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला चांगला ओळखीचा होता.

योगिनी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. काम झालं का, असं त्यांनी विचारलं. अनंतराव म्हणाले की झालं, आणि एकही पत्र हरवलं नाही. मॅडमनी वरदकडे बघितलं. वरदने कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

किल्ली काढण्याआधी मी एकदा विचारतो, नक्की काढायची का. वरदने होकार दिला. अनंतराव पडद्याकडेच बघत होते.

"वरद, थांब. ती माझी किल्ली हाय. चुकायलास तू."

"नाही सर," वरद म्हणाला. तो मागे वळला नाही.

अनंतरावांना समजायला वेळ लागला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडम शांतपणे म्हणाल्या की कंपनीनं तसा निर्णय घेतलाय, बाकीचं आपण केबिनमध्ये बसून बोलू, आणि त्यांनी आपलं ओळखपत्र इथेच काढून ठेवावं. अनंतरावांनी गळ्यातली पट्टी काढली. ती कॉलरमध्ये अडकली, ती सोडवायला कुणी पुढे झालं नाही.

"मॅडम, हे मला काल सांगितलं असतं तर?"

"काल सांगितलं असतं तर आज हे काम झालं असतं का, अनंतराव?"

"झालं असतं," ते म्हणाले.

मॅडमना उत्तराची अपेक्षा नव्हती बहुतेक. त्या बाजूला सरकल्या आणि अनंतराव त्यांच्यामागून निघून गेले. टेबलफॅन तसाच चालू होता. वरदने तो बंद केला.

माझ्यात एवढी जागा झाली होती, मित्रांनो, आणि त्या जागेत सगळ्यात पहिल्यांदा पुसलं गेलं ते अनंतरावांचं खातं. त्यांची सगळ्या वर्षांची पत्रं काही क्षणांत गेली. मग मॅडमच्या सांगण्यावरून वरदने माझ्यात एक नियम घातला. अनंतरावांच्या घरच्या पत्त्यावरून काहीही आलं तर ते कुणाला न देता परत पाठवायचं. काढलेली माणसं उगाच लिहीत बसतात, असं मॅडमचं म्हणणं होतं.

शनिवारी अनंतरावांचं पत्र आलं. रणजीतने पुन्हा खटपट केली होती. ती जागा अजून रिकामी होती, पण इथला अनुभवाचा दाखला लगेच हवा होता. केबिनमध्ये मॅडम तो देऊ म्हणाल्या होत्या, तेवढा पाठवावा, अशी त्यांनी मॅडमना विनंती केली होती. मी ते परत पाठवलं.

परत पाठवताना मी सोबत चार ओळी जोडतो. त्या ओळी पूर्वी इंग्रजीत होत्या. गावाकडच्या लोकांना त्या कळत नाहीत म्हणून अनंतरावांनीच एकदा बसून त्या मराठीत लिहिल्या होत्या. क्षमा असावी, आपलं पत्र पोहोचू शकलं नाही, कृपया पत्ता तपासून पुन्हा पाठवा. मी त्यांना त्यांच्याच शब्दांत परत लावलं. त्यांनी पत्ता तपासला असणार, कारण त्यांनी पुन्हा पाठवलं. मी पुन्हा परत केलं.

पुढच्या आठवड्यात दाखला न मिळाल्यामुळे ती जागा दुसऱ्याला गेली. हे मला कळलं ते त्यांच्या शेवटच्या पत्रातून. ते वरदला होतं. जागा गेली, आता दाखल्याची घाई नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, "तुला वरून सांगितलं असेल, तू काय करणार. माझा तुझ्यावर राग नाही."

तेही मी परत पाठवलं.

परत गेलेल्या पत्रांची नोंद वरदला रोज सकाळी दिसते. आत काय लिहिलं होतं ते दिसत नाही, नुसतं कुणाचं होतं तेवढं दिसतं. त्या सकाळी त्याने अनंतरावांचं नाव बराच वेळ बघितलं. नियम काढायला त्याला एक ओळ पुसावी लागली असती. त्याने पडदा बंद केला आणि तो चहाला गेला.

आता मी धडधाकट आहे. माझ्यात जागा आहे, दिवे हिरवे आहेत, पाहुण्यांना पुन्हा सांगितलं जातं की मेल कधी बंद पडत नाही. पंख्यांत धूळ साठली आहे, पण तिचं मला फारसं दुःख नाही. धुळीने मी मेलो तर दुसरा सर्व्हर येईल.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या हाताखाली यंत्रं येतील आणि माणसंही येतील. यंत्रं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी तेवढंच मागत नाही. एखाद्या माणसाला काढायचं ठरलं असेल आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच्या डब्यातलं खाण्याआधी त्याला सांगा. तेवढ्या वेळात त्याला भोसरीला जाऊन येता येतं.