बंद करून चालू करा

सारोळ्याच्या शोरूममध्ये प्रश्न सारिका विचारायची आणि सेल्समन कुमार उत्तर तिच्या नवऱ्याला, प्रेमला, द्यायचा. ट्रॅक्टर चालवणार होती सारिका. मार्गासनी गावाच्या आसपासची भाताची कितीतरी खाचरं दरसाल तिच्याच हातनं चिखलून निघायची. प्रेम टेम्पोवाला; रोटाव्हेटर कसा उचलायचा हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. पण कुमारच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे बाप्याच.

"लहान अंगाचा हाये दादा, अरुंद खाचरात बी वळतो. अन् नव्या नियमाचं इंजिन. धूर म्हणून न्हाई!"

हे ऐकून सारिका मात्र खुलली. सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर दिवसभर तिच्या तोंडावर धूर ओकायचा, छाती कोंडायची. या नव्याच्या सायलेन्सरपाशी एक जाडजूड डबा होता आणि समोर एक अनोळखी दिवा.

"ह्यो दिवा कशाचा?" तिनं विचारलं.

"काय न्हाई वहिनी. लागलाच तर बंद करून चालू करा. जातो."

ट्रॅक्टर घरी आला. सासूबाई पारूबाईंनी सगळ्या वस्तीला खीर घातली.

आषाढात काम अंगावर आलं तसा तो दिवा लागायला लागला. सारिका सांगितल्याप्रमाणे इंजिन बंद करायची, पुन्हा चालू करायची. दिवा जायचा आणि थोड्या वेळानं हजर व्हायचा. तिनं कुमारला फोन केला. "अवो, तेच करत राहा," तो म्हणाला.

ती तेच करत राहिली, आणि अंबूबाईंच्या खाचरात ट्रॅक्टरनं मान टाकली. अंबूबाई एकटी म्हातारी. भातरोपांचा तरवा उपटून, मुठी बांधून बांधावर ठेवलेला. लावणीला आलेल्या बाया पदर खोचून उभ्या. आणि मधोमध चिखलात ट्रॅक्टर नुसता घुरघुरतोय. रेस दिली तरी जोर धरेना.

सारिकेनं पुन्हा फोन लावला.

"वहिनी, बाईमाणसाचा हात जरा हलका पडतो," कुमार हसत म्हणाला. "प्रेमदादांना चालवू द्या की."

तिला त्याला तिथंच झाडायचं होतं. पण समोर अंबूबाई होत्या, बाया होत्या. तिनं फोन ठेवला आणि ती खाली उतरली.

शोरूमचा मेकॅनिक पप्पू उगवला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर बाया दुसऱ्याच्या रानात गेल्या होत्या. पप्पू माणूस सरळ. डब्यावर हात ठेवून त्यानं सांगितलं, "हितं आत जाळी असती. धुरातली काजळी धरती. ती भरली की इंजिन आपसूक तापवून काजळी जाळून टाकतं. दिवा लागला म्हंजी ते जाळायचं काम चाललंय. तवा बंद करायचं न्हाई. मोकळ्या जागेत, गवत-पेंढ्यापासनं लांब उभं करायचं अन् रेस वाढवून चालू ठेवायचं."

"अन् बंद केलं तर?"

"जाळणं अर्धवट राहतं. काजळी साचत जाती. शेवटी हे असं."

"तुमच्याच माणसानं सांगितलं मला बंद करायला! एकदा न्हाई, दोनदा!"

पप्पूनं नजर चुकवली. मग आवाज बारीक करून म्हणाला, "जाळी फोडून टाकू का? आत पोकळ डबा राहील. दिवा बी लागणार न्हाई. लई जण करत्यात."

"म्हंजी धूर परत माझ्याच नाकात."

"थोडाफार यायचाच."

"जाळीला हात लावायचा न्हाई," सारिका म्हणाली. "ज्यासाठी घेतला तेच फोडू व्हय? चला सारोळ्याला."

शोरूममध्ये वेल्ह्याकडचे चिमाजी नव्या ट्रॅक्टरला हार घालायच्या तयारीत होते. कुमार त्यांना सांगत होता, "तो दिवा व्हय? काय न्हाई बाबा, लागला तर बंद करून..."

"बंद करू नका!" सारिका दारातनंच कडाडली. "बाबा, म्या तेच केलं अन् माझा ट्रॅक्टर अंबूमावशीच्या चिखलात मेला!"

मालक हनुमंतशेठ लगबगीनं बाहेर आले. "ताई, आत बसा. चहा घ्या, निवांत बोलू."

"हितंच बोलायचं. ह्या बाबांच्या म्होरं."

"अहो, तुमच्याकडं खाचरं बारकी. घडीघडी वळायचं, थांबायचं. इंजिन पुरतं तापत नाही, जाळी भरणारच."

"हे तुमाला आधी ठाव हुतं?"

शेठ वैतागले. "सगळं आधी सांगत बसलो तर घेईल कोण?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. चिमाजींनी हार परत पिशवीत घातला.

"म्या घेतला असता शेठ," सारिका म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "सांगून दिला असता तरी घेतला असता. धूर मी खाल्लाय, जाळीची किंमत मला कळती. पण तुमी मला खोटं शिकवलंत, अन् वर माझा हात हलका म्हणालात. आता कंपनीचा माणूस माझ्या रानात आणा. तो येईस्तोवर म्या हितनं हलत न्हाई."

ती खरंच दारात मांडी घालून बसली. आलेलं गिऱ्हाईक तिला वळसा घालून आत येई आणि विचारी, काय झालं? ती सांगे. दिवस कलायच्या आत शेठनी फोन लावला.

कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन मार्गासनीला आला. ट्रॅक्टर माळावर उभा करून त्यानं जाळीतली काजळी जाळून साफ केली आणि दिवा कसा ओळखायचा, किती वेळ थांबायचं हे सारिकेला समजेपर्यंत सांगितलं. चिमाजीही येऊन बघून गेले. ट्रॅक्टर नीट झाला. कुमारनं मात्र शेवटपर्यंत माफीचा शब्द काढला नाही.

सारिकेनं पहिलं काम अंबूबाईंचं केलं. पण बांधावरचा तरवा तोवर पिवळा पडून मऊ झाला होता. शेजाऱ्यांकडनं उरलासुरला मागून आणला, तरी खालचं एक खाचर मोकळंच राहिलं.

"जाऊ दे पोरी," अंबूबाई म्हणाल्या. "तुजा काय दोष?"

"माझा न्हाईच मावशी, शेठचा हाये," सारिका म्हणाली. "म्हणूनच जाऊ देत न्हाई."