आधी चुकलं ते

“गायच्या आधी एकदा काटा वाजव. मगच आत जा.”

आजोबांचं सकाळचं हे वाक्य आठवलं तेव्हा ती कॉलेजच्या जिन्यात वाकून बुटाची नाडी बांधत होती, आणि छातीवर टाचलेला एक्केचाळीस नंबरचा कागद एका टाचणीवर लोंबत होता. तिने आधी नाडी आवळली. मग पिशवीत हात घालून फलालिनच्या फडक्यात गुंडाळलेला नादकाटा चाचपला. होता. दोन लांब बोटांचा तो पोलादी चिमटा तिने लहानपणापासून घरातल्या खणात पाहिला होता, पण वाजताना कधी ऐकला नव्हता. गुडघ्यावर आपटला की तो एकच सूर देतो, कधी चुकत नाही, आणि पियानो जुळवणारे सगळे त्याच्यावर भिस्त ठेवतात. आजोबा ठेवत नसत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पियानो नुसत्या कानाने जुळवले होते. “ही कुबडी,” काट्याकडे बघून म्हणायचे. “माझे पाय अजून धड आहेत.”

मग आज सकाळी त्यांनी स्वतःच तो तिच्या पिशवीत का घातला, हे तिने विचारलं नव्हतं. परीक्षेला निघालेल्या मुलीच्या हातात म्हाताऱ्या माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

वरच्या मजल्यावरचा बोळ माणसांनी भरला होता. संगीत रंगभूमीच्या पदवीला वीस जागा, आणि खुर्च्यांवर, पायऱ्यांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर शंभराच्या वर मुलं. कोणी भिंतीकडे तोंड करून ओठ फुरफुरवत होतं, कोणी स्वतःशीच संवाद म्हणत होतं. जवळजवळ प्रत्येकाबरोबर घरचं कोणीतरी होतं. ती एका खांबाशी उभी राहिली.

“तुझ्याबरोबर कोण आलंय गं?” थर्मास मांडीत घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारलं. शेजारी त्यांची मुलगी डोळे मिटून बसली होती.

“कोणी नाही, काकू.”

“अगं बाई. आमच्या हिच्यासाठी मी आलेय, हिचा मामा आलाय, आत्या खाली गाडीत बसलीय. गाणार ही एकटीच, पण घसा आम्हा सगळ्यांचा कोरडा पडलाय.”

मुलीने डोळे न उघडता म्हटलं, “आई, गप ना.”

“गप तर बसलेय. इकडे ये गं, कागद लोंबतोय तुझा.” बाईंनी तिला पुढे ओढलं, स्वतःच्या पदराची टाचणी काढली आणि कागदाचा दुसरा कोपरा नीट टाचला. मग उगीचच तिच्या खांद्यावरून हात फिरवला. टाचून झालं तरी ती क्षणभर तशीच उभी राहिली. बाई थर्मासचं झाकण उघडायला वळल्या, तेव्हा कुठे ती खांबाशी परत गेली.

ती चार वर्षांची असल्यापासून घरात दोघंच. आजोबा आणि ती. पुढच्या खोलीत पियानो, मागच्या खोलीत बाकीचं सगळं. आजोबा तिला खुंटी म्हणत, कारण लहानपणी ती पियानोखाली बसून तारांच्या खुंट्या मोजायची, आणि तिचा कान पिळला की ताबडतोब सुरात यायची. रोज संध्याकाळी ती गायची, ते साथ करायचे, आणि गाणं संपलं की ठरलेला नेम. आधी चुकलं ते सांगायचं, मग जमलं ते. चूक रात्रभर घरात ठेवायची नाही. हा नेम दोघांनाही होता. आजोबासुद्धा सांगत, आज घाईत तार तोडली, आज एका बाईंच्या गालिच्यावर तेल सांडलं. मुद्दाम चेहरा पाडून सांगत, म्हणजे तिला हसू यावं.

गेल्या दोनएक वर्षांत त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. शाळेने दुसरा माणूस बोलावला. नृत्यवर्गाच्या बाईंनीही. “आजकाल लोकांना चढं ऐकायची सवय लागलीय,” आजोबा म्हणत. “सगळं कसं चकचकीत पाहिजे.” तिलाही रेकॉर्डिंगमधली गाणी घरच्यापेक्षा चढी वाटायची, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, ते लोक वेग वाढवतात, म्हणून सूर वर जातो. तिला ते पटलं होतं. आजोबांचं कानाच्या बाबतीत न पटण्यासारखं काही असू शकतं, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

“एक्केचाळीस,” दारातल्या कारकुनाने पुकारलं.

काटा तिच्या हातातच होता. गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, एवढंच काम. पण ज्या माणसाने चाळीस वर्षांत वाजवला नाही त्याच्या नातीने तो इथे, इतक्या जणांसमोर वाजवायचा, म्हणजे त्यांच्या कानावर शंका घेण्यासारखंच झालं असतं. सूर तर तिच्या गळ्यात पक्का बसलेला होता. तिने काटा फडक्यासकट खिशात टाकला आणि आत गेली.

खोली मोठी, लाकडी जमिनीची, एका भिंतीला आरसा लावलेली. टेबलामागे तिघं परीक्षक. मधल्या बाईंचे केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले. कोपऱ्यातल्या पियानोवर स्वेटर घातलेले, गोल चेहऱ्याचे साथीदार बसले होते. सकाळपासून चाळीस जणांना साथ करून त्यांची बोटं दुखत असावीत. ते ती एकेक करून ओढत होते.

तिने आजोबांच्या हातची स्वरलिपी त्यांच्यापुढे ठेवली. दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या मुलीचं गाणं. पहिल्या चार ओळी नुसता गळा, पाचव्या ओळीला पियानो येऊन मिळतो.

“सुंदर अक्षर आहे,” साथीदार म्हणाले. “सुरुवातीला सूर देऊ?”

“नको सर. आहे.”

त्यांनी भुवई किंचित वर केली आणि हात मांडीवर ठेवले.

ती गायली. चारही ओळी जशा घरी व्हायच्या तशाच झाल्या, कदाचित थोड्या जास्तच चांगल्या. दुसऱ्या ओळीला मधल्या बाईंनी लिहिणं थांबवून मान वर केलेली तिला दिसली. तिसऱ्या ओळीला खोलीत दुसरा कुठला आवाजच राहिला नाही. चौथी ओळ संपली, तिने श्वास घेतला, आणि पियानो आला.

भलतीकडेच आला. जणू तिने ओळखीच्या पायरीवर पाय टाकला आणि पायरी चार बोटं वर निघाली. तिने अर्धी ओळ रेटली. मग थांबली.

साथीदारही थांबले.

“सर, तुमचा पियानो अर्धा सूर चढा आहे.”

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, समोरच्याच्या शर्टाचं बटण निघालंय असं सांगावं तसं. टेबलामागचा एक परीक्षक खोकला.

“सकाळी सातला जुळवून गेलाय माणूस,” साथीदार म्हणाले. “मीच दार उघडलं त्याला. चहा पण पाजला.”

“तरी चढा आहे.”

“तुझ्याआधी चाळीस जण गाऊन गेले,” मधल्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “त्यांना नाही वाटला.”

“माझ्याकडे काटा आहे, मॅडम. दाखवू?”

बाईंनी शेजारच्या दोघा परीक्षकांकडे पाहिलं, मग हातानेच ‘दाखव’ म्हटलं. ती पियानोजवळ गेली, फडकं सोडलं, काटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा पियानोच्या लाकडावर टेकवला. सूर लाकडात उतरून मोठा झाला. साथीदारांनी त्याच सुराची पट्टी दाबली आणि धरून ठेवली.

दोन सूर जरा जरी वेगळे असले तरी त्यांच्यामध्ये थरथर उठते. पियानोखाली बसून ती थरथर मोजायला ती अक्षरं शिकण्याआधी शिकली होती. ती थरथरीची वाट पाहत राहिली. काहीच उठलं नाही. दोन आवाज होते, पण ऐकू एकच येत होता.

तिने काटा पुन्हा आपटला. साथीदारांनी पुन्हा पट्टी दाबली. पुन्हा तेच.

काटा वाजून वाजून निमाला तरी तिने तो लाकडावरून उचलला नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती एकदा लवकर घरी आली होती. पियानोचं झाकण काढलेलं होतं, आजोबा स्टुलावर बसलेले, एक बोट पट्टीवर, आणि हेच फडकं त्यांच्या मांडीवर उलगडून पडलेलं. “धूळ फार बसते,” ते म्हणाले होते. त्या संध्याकाळी तिचं गाऊन झालं, चुकलेलं सांगून झालं, मग तिने विचारलं, तुमचं काय चुकलं? त्यावर ते म्हणाले, “उद्या सांगतो.” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चूक रात्रभर घरात राहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. तिलाही विचारायचं सुचलं नाही. ती तेव्हा या दिवसाच्या तयारीत होती.

“पियानो बरोबर आहे,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

“घरचा पियानो उतरलाय का?” साथीदारांनी हळूच विचारलं.

“हो.”

“कोण जुळवतं?” हा प्रश्न मधल्या बाईंचा.

तिने काटा फडक्यात गुंडाळला. एक घडी, दुसरी घडी. “आहेत एक जण,” ती म्हणाली.

साथीदार म्हणाले, “मी अर्धा सूर खाली येतो. तुझी सवय आहे तिथे. मॅडम, चालेल ना?” बाईंनी मान हलवली.

खाली सगळं सोपं होतं. वरचा शेवटचा सूर तिथे तिने शेकडो वेळा लावला होता, आणि दर वेळी आजोबांनी मान मागे टाकून डोळे मिटले होते. पण तो लिहिलेला सूर नव्हताच. जो सूर लागला असं समजून ते डोळे मिटत, तिथवर ती अजून एकदाही पोचली नव्हती.

“नको सर. लिहिलंय तिथेच गाते.” मग ती म्हणाली, “या वेळी सूर द्या.”

त्यांनी दिला. ती गायली. सुरुवातीच्या चार ओळी मघासारख्या झाल्या नाहीत, जपून पाय टाकत झाल्या. शेवटचा सूर आला तेव्हा तिला तो फक्त शिवता आला. कडेला किंचित फाटला, पण हातचा सुटला नाही. ती थांबल्यावरही साथीदारांनी पट्ट्यांवरचे हात लगेच उचलले नाहीत.

“ठीक आहे,” मधल्या बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

दाराशी स्वरलिपी परत देताना साथीदारांनी विचारलं, “काटा जुना आहे गं. कोणाचा?”

“आजोबांचा.”

“मग ते वापरत नाहीत?”

“त्यांना लागत नाही,” ती सवयीने म्हणाली. साथीदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वरलिपीतल्या अक्षराकडे, आणि नुसतं “बरं” म्हणाले.

तीन वाजता कारकुनाने यादी चिकटवली. सगळ्या बोळाने एकदम तिकडे धाव घेतली. ती गर्दी ओसरल्यावर गेली. अठ्ठावीस, तेहेतीस, एक्केचाळीस. तिने बोट ठेवून पाहिलं. थर्मासवाल्या बाई मुलीला कवेत घेऊन जिना उतरत होत्या. मुलगी रडत होती आणि मागून येणारा, बहुधा मामा, दोघींच्याही पिशव्या सांभाळत होता. आपला नंबर लागल्याचं ज्याला सांगावं, असं कोणीच तिथे उरलं नव्हतं.

“दुसरी फेरी उद्या सकाळी नऊला,” कारकून म्हणाला. “लांबून आलेल्यांची सोय वसतिगृहात केलीय. चादर मिळेल. नाव लिहू?”

“मी घरी जाऊन येते.”

“किती लांब?”

“बसने तीन तास.”

“अगं, आणि सकाळी? नऊला पुकारलं आणि नसलीस, तर नंबर गेला. मग माझ्यापुढे रडायचं नाही. आजच्या आज घरी काय एवढं अडलंय?”

“थोडं काम आहे,” ती म्हणाली.

बोळाच्या टोकाला खिडकी होती. तिथे उभं राहून तिने फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. म्हणजे ते शेजारीच बसले होते.

“हां, खुंटे. बोल.”

“झालं, आजोबा.”

“आधी चुकलं ते.”

खाली मैदानात कोणीतरी पायऱ्या झाडत होतं. “आल्यावर सांगते. फोनवर नको.”



“काटा वाजवलास?”

“वाजवला.”

“गायच्या आधी?”

“नाही. नंतर.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू, पण खुर्चीतून उठताना येतो तसा.

“बरं. सावकाश ये,” ते म्हणाले. “मी झाकण काढून ठेवतो.”

तिने फोन ठेवला. काटा फडक्यातून काढून मुठीत घेतला, चालताना कशाला लागून वाजू नये म्हणून घट्ट धरला, आणि जिना उतरली. बसथांबा लांब होता. आजोबांना सांगायचं पहिलं वाक्य काय असावं, हे अजून तिला सापडलेलं नव्हतं. ती चालू लागली.